मंगळवारचा गठ्ठा

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पत्रास कारण की, माझ्यावर घोर अन्याय झाला आहे आणि दाद मागायला तुझ्याशिवाय दुसरे न्यायालय नाही. माझ्या मोज्यांच्या खणातला कागद सौ.ने मला न विचारता काढला आणि त्या जागी गुलाबांची चित्रे असलेले प्लास्टिक अंथरले. सकाळी मोजे काढताना सवयीने वाचायला वाकलो, तर वाचायला गुलाब! गुलाबावर माणूस किती वेळ विचार करणार? मी रीतसर निषेध नोंदवला. त्यावर सौ.चे म्हणणे असे पडले, की ज्याला एका पायात मोजा घालून चाळीस वर्षांपूर्वीचा पेपर वाचत बसावे लागते, त्याने शाळेला उशीर का होतो हे दुसऱ्याला विचारू नये.

कागद मी कचऱ्याच्या टोपलीतून सोडवून आणले आहेत. ते आता टेबलावर आहेत आणि मी त्यांच्यासमोर. डॉक्टरांनी तुला पालथे झोपायला सांगितले आहे. डोळ्यात सोडलेला वायूचा बुडबुडा वर चढून सुटलेला पडदा जागच्या जागी दाबून धरणार, म्हणून तोंड खाली, असे तुझी कन्या फोनवर म्हणाली. म्हणजे वाचणे बंद, शिवणे बंद, आणि तुझ्या स्वभावाला सर्वांत जड म्हणजे इकडेतिकडे लक्ष ठेवणे बंद. तेव्हा मी लिहितो, ती वाचेल आणि तू जमिनीकडे बघत ऐक.

हे कागद ज्या गठ्ठ्यातले, त्याची कथा तू तिला नेहमी अर्धीच सांगतेस, म्हणून आता वाचणाऱ्या भाचीलाच एकदा यथासांग सांगतो. तुझी आई शाळेत असताना सायकलच्या शर्यतीत पहिली आली. मुले मागे राहिली, एक तर हमसाहमशी रडले. पेपरचा फोटोवाला येऊन सायकलसकट तिचा फोटो काढून गेला आणि जाताना बाबांना म्हणाला की उद्याच्या अंकात येईल. बाबा कुलपे दुरुस्त करायचे. जगातल्या एकाही दारावर त्यांचा विश्वास नव्हता, पण छापणाऱ्याच्या शब्दावर मात्र होता. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत त्यांनी कोपऱ्यावरच्या पेपरवाल्याचा अख्खा गठ्ठा, दोरीही न सोडता, उचलून घरी आणला. नातेवाइकांना द्यायचा, गिऱ्हाइकांना द्यायचा, शाळेला द्यायचा. त्या दिवशी आमच्या गल्लीत कोणाला पेपर मिळाला नाही.

दोरी सोडली. तुझी आई पहिल्या पानावर नाही. खेळाच्या पानावर नाही. शेवटच्या पानावर टायरची जाहिरात होती, तीही मोटारीच्या. तरी आजीने आणखी चार-पाच प्रती उघडून पाहिल्या, न जाणो, एखादीत असेल! फोटो आला बुधवारी. पण बाबांनी रागाच्या भरात त्या पेपरला घरात पाऊल टाकू द्यायचे नाही असे जाहीर केले होते. शेजारी अभिनंदन करायला आले तेव्हा कळले. बाबा धावत गेले, तोवर सगळे अंक खपलेले. साऱ्या गावाने तुझ्या आईचा फोटो पाहिला, आम्ही सोडून.

उरला मंगळवारचा गठ्ठा. तो आमच्या घरातल्या प्रत्येक फळीवर, प्रत्येक ट्रंकेत अंथरला गेला. लग्नानंतर तुझी आई निम्मा घेऊन गेली, निम्मा माझ्या वाट्याला आला. मंगळवार तोंडपाठ आणि बुधवारचा पत्ता नाही, असे दुसरे घराणे दाखव.

आता ताई, ठळक बातम्या. ‘पाणीपुरवठा लवकरच सुरळीत’. परवाच आमच्याकडे नळाने खोकून दाखवले, म्हणजे प्रयत्न चालू असावेत. ‘संगणकामुळे कागदाचा वापर संपणार : तज्ज्ञांचे भाकीत’. हे भाकीत माझ्या मोज्यांखाली चाळीस वर्षे कागदावरच टिकून होते. ‘बिबट्या की मोठे मांजर? वखारीजवळ नागरिकांत घबराट’. यावर उद्या खुलासा होणार होता. तो झालाही असेल, पण आपल्यापुरते ते जनावर अजून वखारीमागे बसलेले आहे. ‘कालच्या अंकातील चुकीबद्दल दिलगीर आहोत’. कोणती चूक, ते सोमवारवाल्यांना ठाऊक. छोट्या जाहिरातींत हरवलेला पोपट, जो अनोळखी माणसाला सावकाश या म्हणतो. आणि धारावाहिक कादंबरीचे ते एकमेव प्रकरण! नायिकेने दाराच्या मुठीवर हात ठेवला आहे, आत कोणीतरी खोकले आहे, आणि ‘क्रमशः’. बिचारीचा हात अवघडून गेला असेल गं.

तू बरी हो. फोनवर तू ‘छान आहे’ याच्यापुढे जात नाहीस, म्हणून सविस्तर उत्तराची वाट पाहतो. लोभ आहेच, त्यात पालथे झोपल्याने खंड पडू नये.

तुझा,
धाकटा

७ फेब्रुवारी

चि. पंडितास,
अ. उ. आ.

तुझं पत्र ऐकलं. हसू आलं, पण हसताना डोकं हलवायचं नाही म्हणून पोटातल्या पोटात हसले. (मामा, खोटं आहे. खो-खो हसली आणि मला ओरडावं लागलं. कंसातलं सगळं माझं. — लेखनिक)

पोपट सावकाश या म्हणत नव्हता, निवांत बसा म्हणत होता. चाळीस वर्षं वाचतोस आणि अजून चुकतोस? माझ्या चमच्यांच्या खणात तेच पान आहे. रोज स्वयंपाक करताना त्याला भेटते.

इथे दिवसभर मला निदान फरशी तरी दिसायला हवी, तर पट्टीमुळे तीही दिसत नाही. दुसरा डोळा लहानपणापासून नावालाच. उजेड आला की गेला एवढंच त्याला कळतं. तेव्हा जे काही व्हायचं ते याच डोळ्याचं. दुकानात कोट अर्धे कापून पडलेत. काज-बटणं करणारी आमची बाई म्हणते की गिऱ्हाईक थांबेल. गिऱ्हाईक थांबेल रे, पण सुईत दोरा ओवायचा मी थांबले तर दुकान उघडून करायचं काय? (हे ती मला कधी बोलली नव्हती. तुम्हाला लिहायचं म्हणून बोलली.)

तुझ्या भाचीला दूरच्या गावच्या मोठ्या इस्पितळात औषध विभागात जागा मिळाली आहे. एवढी वर्षं जिची वाट पाहिली तीच. या महिन्यात हजर व्हायचंय. बाईसाहेब म्हणतात, जाणार नाही. तिला तू चार शब्द सुनाव. तुझ्या संस्कृतात सुनावलंस तरी चालेल, समजलं नाही तरी घाबरेल. (मी जाणार नाही. पट्टी निघाल्यावर आईला धड दिसलं तर बघू. नाहीतर नाही म्हणजे नाही.)

सौ.ला सांग, गुलाबांचं प्लास्टिक मलाही पाठव. (खरंच सांगतेय ती. — ले.) माया आहेच, पत्रांचा रतीब चालू ठेव.

तुझी,
ताई

१७ फेब्रुवारी

ती. मामांस,
शि. सा. न.

मामा, आईला दिसतंय! आधी हे लिहून टाकते, मग बाकीचं.

पट्टी काढली त्या दिवशी मी खूप घाबरले होते. डॉक्टरांनी हात हलवून दाखवला तेवढा तिला कळला. बोटं किती ते सांगता आलं नाही. डॉक्टर म्हणाले, बुडबुडा अजून मोठा आहे, तो विरत जाईल तसं दिसू लागेल, पडदा नीट चिकटला का तेही तेव्हाच कळेल. घरी येताना ती माझा दंड धरून चालत होती. मी नव्या नोकरीच्या लोकांना नकार कळवायचं ठरवलं आणि तसं तिला सांगूनही टाकलं.

आणि परवा सकाळी चहा झाल्यावर ती एकदम म्हणाली की चमच्यांच्या खणातला कागद काढ बघू. मी चमचे बाजूला करून कागद काढला. तिनं तो उजेडाकडे धरला आणि वाचायला लागली. पाणीपुरवठा, संगणक, दिलगिरी, सगळं. जाहिरातीसुद्धा! तेलाच्या डब्याच्या गंजाचा मोठा काळा डाग पडलाय ना बिबट्यावर, तिथंही ती अडखळली नाही. सलग वाचत गेली, नायिकेच्या मुठीपर्यंत. मी रडले आणि ती मला म्हणाली की रडतेस काय, बॅग भर.

तर मामा, मी उद्या निघते. काज-बटणवाल्या मावशी रात्री सोबतीला येतील. पुढच्या तपासणीला त्याच आईला नेतील. तुमच्या पत्रातल्या पेपराची एवढी मदत होईल असं वाटलं नव्हतं. सौ. मामींना नमस्कार. तुमची पत्रं आता आईला तिची ती वाचता येतील, म्हणून लेखनिकाचा राजीनामा मंजूर करावा. आशीर्वाद मात्र चालू राहू देत.

तुमची,
लेखनिक (माजी)

२० फेब्रुवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या कन्येचे पत्र पोचले. वाचून इतका आनंद झाला की मी ते सौ.ला मोठ्याने वाचून दाखवले. दाखवता दाखवता गंजाच्या डागापाशी आलो आणि ती ओळ पुन्हा एकदा मनात वाचली.

ताई, मी आयुष्यभर मुलांना न्यायशास्त्राची पहिली पायरी शिकवत आलो. डोळ्यांनी दिसते ते प्रत्यक्ष. धुरावरून विस्तव ओळखणे हे अनुमान. आणि आधी पाहिलेले आठवणे ही स्मृती. स्मृतीला त्या मंडळींनी ज्ञानाचे प्रमाण मानलेच नाही. ती कितीही खरी असली तरी आत्ता समोर काय आहे ते ती सांगत नाही. काळ्या डागाखालची अक्षरे गरुडालासुद्धा दिसणार नाहीत. ती तू वाचलीस. यावरून मी काय अनुमान काढावे ते तूच सांग.

पोरगी आनंदात होती, तिला हे सुचले नाही. मी तिला काही कळवलेले नाही. तिला नोकरीवर पाठवायला तू हे केलेस हे मला कळते, आणि माझ्या अंगात तेवढी हुशारी असती तर मीही केले असते. पण मी काही नोकरीवर जायचा राहिलेलो नाही. मला खरे सांगायला हरकत नाही.

फोन केला तर तू ‘छान’ म्हणशील. शाळेत परीक्षा चालू आहेत, नाहीतर समोर येऊन बसलो असतो. म्हणून या पत्रातच तुझी परीक्षा घेतो. खाली मी चार ओळी लिहितो आहे, प्रत्येक आधीच्यापेक्षा बारीक. बातम्या नव्या कोऱ्या आहेत, आज सकाळी मीच तयार केल्या. कोणाच्याही खणात त्या अंथरलेल्या नाहीत. काज-बटणवाल्या बाईंकडून वाचून घेऊ नकोस, त्या मलाही घाबरवतात. तुझी तू वाच आणि तुझ्या हाताने उत्तर लिही. ओळ तिरकी गेली तर जाऊ दे. काही दिवस गेले तरी चालतील. दिसेल तेव्हा लिही, पण दिसेल तेवढेच.

पहिली, अंगठ्याएवढी : स्थानिक गुरुजींनी दाढी राखली. सौ.चा बहिष्कार. थोरल्या भगिनींचा निवाडा काय?

दुसरी, वाटाण्याएवढी : पाचवीचा वर्ग व्याकरणाच्या तासाला एकदिलाने झोपी गेला. दोष कोणाचा?

तिसरी, राईएवढी : गुरुजींच्या राखाडी कोटाचे अस्तर विरले. नवे कोणत्या रंगाचे लावावे?

चौथी सहीच्या खाली आहे. तिच्यासाठी मला निब बदलावे लागले.

रागावू नकोस. रागावलीस तर तेही लिही, म्हणजे वाचलेस हे कळेल.

तुझा,
धाकटा

· · · · · · · · · · · · · · ·

९ मार्च

चि. पंडितास,
अ. उ. आ.

पत्र माझं मी लिहितेय. ओळी उतारावर निघाल्यात ते मला दिसतंय, आणि दिसतंय म्हणून बरं वाटतंय.

तुझं पाकीट आलं तेव्हा ते उघडलं आणि तसंच ठेवून दिलं. खरं सांगते, त्या दिवशी काहीच दिसत नव्हतं. कागद पांढरा आहे एवढंही नाही. धुकं म्हणता येईल असंसुद्धा नाही, नुसतं दूध. पेपर वाचला त्या सकाळीही तेच होतं. कागद उलटा तर धरला नाही ना, याचीच धास्ती होती. पोरीनं तो हातात सुलटा दिला म्हणून निभावलं. डाग कुठं आहे ते मी साफ विसरले. तुम्ही शास्त्रीलोक असल्या ठिकाणी नेमके कडमडता.

ती गेल्यावर मी अंथरुणात बसून मोठ्यानं म्हटलं की झालं, आता दुकान गेलं. काज-बटणवाली आतून म्हणाली की कोणाशी बोलता? मी म्हटलं, पोपटाशी.

मग एका सकाळी वरच्या बाजूला उजेडाची चीर दिसली. ती हळूहळू खाली पसरली. आता असं आहे, की वरचं स्वच्छ आणि खाली, ग्लासात पाणी हलावं तशी एक रेघ हलते. मान हलवली की तीही हलते. रोज थोडी खाली उतरते. काल डॉक्टरांनी पाहिलं. पडदा चिकटलाय म्हणाले, सगळीकडून. ते रेघेखालचं आठवड्याभरात जाईल. शिवणकाम सुरू कधी करू विचारलं तर म्हणाले, आधी बटणं लावा, मग कोट. म्हणजे मला माझ्याच दुकानात मदतनीस नेमलंय. काज-बटणवाली तेव्हापासून मला वरच्या पट्टीत हुकूम सोडते.

आता उत्तरं. एक. दाढी काढ. आपल्या घराण्यात ती कोणाला शोभलेली नाही, काकांनाही नव्हती आणि ते तर देखणे होते. दोन. दोष तुझा, यात विचारायचं काय? तीन. गर्द निळं लाव. तपकिरी लावलंस तर मी कोट उसवून टाकीन. नाहीतर असं कर, इकडेच पाठव.

चार. चौथी ओळ उन्हात धरून पाहिली. मग दुकानातलं भिंग लावून पाहिली. रेघोट्या दिसतात, अक्षर एकही लागत नाही. नाही वाचता आली. काहीतरी जुळवून लिहिणार होते, तू काय लिहिलं असशील याचा अंदाज मला येतो. पण तू दिसेल तेवढंच लिही म्हणालास, म्हणून नाही वाचली असं लिहिते. मन थोडं खट्टू झालं. एवढं बारीक पुन्हा कधी दिसेल की नाही, कोण जाणे.

पोरीला रविवारी मीच सांगेन. ओरडेल. ओरडू दे, तिचा हक्क आहे. तू मध्ये पडू नकोस. सौ.ला आशीर्वाद. तुझ्यावर राग नाही, होता तो उतरला. असाच खोडसाळ राहा.

तुझी,
ताई

१४ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

दाढी काढली. सौ. तुझ्या फोटोला हार घालायला निघाली होती, तू हयात आहेस याची मी आठवण करून दिली. कोट पार्सलने निघाला आहे, पण तुझे बटणांचे शिक्षण पूर्ण होईपर्यंत त्याला हात लावायचा नाही.

पाचवीच्या वर्गाला तुझा निकाल वाचून दाखवला. त्यांनी बाके बडवली. इतके जागे मी त्यांना या वर्षात पाहिलेले नव्हते.

आता चौथ्या ओळीबद्दल. तिच्यात काही लिहिलेले नाही. मी बारीक निबाने नुसत्या रेघोट्या ओढल्या होत्या, अक्षरांसारख्या दिसतील अशा. त्या मलाही वाचता येणार नाहीत, तुझ्या डॉक्टरांनाही नाही. तेव्हा खट्टू होऊ नकोस. तुझ्या डोळ्याने तिथे जेवढे होते तेवढे बरोबर पाहिले.

तू रागावशील. रागाव. पहिल्या तीन ओळी तुझ्या डोळ्यासाठी होत्या. चौथी नव्हती. ती वाचली असे तू लिहिले असतेस, तर मला बाकीच्या तिन्ही उत्तरांवर विश्वास ठेवता आला नसता. तुझे पत्र आले तेव्हा मी दाढी, वर्ग, अस्तर सगळे ओलांडून थेट तिथे गेलो. ‘नाही वाचता आली’ हे वाचले आणि शिक्षकांच्या खोलीत खुर्चीवर बसून राहिलो. तासाची घंटा झाली तीही ऐकू आली नाही. शेजारच्या गणिताच्या बाईंनी विचारले की काही वाईट बातमी आहे का. मी म्हटले, नाही, फार चांगली आहे. बहिणीला एक ओळ वाचता आली नाही. त्यांनी मला पाणी आणून दिले.

हायसे वाटले गं. तुला दिसते आहे याचे तर वाटलेच, आणि तू मला नाही म्हणालीस याचे त्याहून जास्त वाटले.

पण एक गोष्ट उरते, आणि तिच्यावर विनोद करायचा आज मी प्रयत्न करून पाहिला, जमला नाही. बाबा गेले ते मला कळवताना तू ‘बाबांना बरे नाही, निघून ये’ एवढेच म्हणालीस. तुझ्या घरी वाईट दिवस होते तेव्हाही मला ते उलटून गेल्यावर कळले. मी लहान होतो तोवर ठीक होते. आता माझे केस पांढरे झाले आहेत, आणि तरी या वेळी तुझ्याकडून एक खरी गोष्ट काढून घ्यायला मला सापळा लावावा लागला. पुढच्या वेळी मला तो सुचेलच असे नाही. डोळा बरा झाला, आनंद आहे. मला भीती वाटते ती याची, की तुला जेव्हा खरेच काही होईल, तेव्हा मला त्रास नको म्हणून तू सांगणार नाहीस, आणि मी इथे मुलांना व्याकरण शिकवत बसलेला असेन.

तुझा,
धाकटा